तळातला कप्पा

कात दिसली तेव्हा कुसुमच्या हातात फडकं होतं, आणि तिनं सगळ्यात आधी काय केलं असेल तर दाराकडे वळून पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. भीती मागून आली. आधी लपवायचं सुचलं.

तीन नंबरच्या कपाटामागं, भिंत आणि तांदळाची पोती यांच्यामधल्या बोळकांडीत ती पडली होती. चांगली तीन हात लांब, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. केरसुणीच्या टोकानं ओढली तर सुकल्या पाचोळ्यासारखी वाजली. शाळा भरायला वीस मिनिटं होती. कुसुमनं ती गुंडाळली, डब्याच्या पिशवीत घातली, आणि वरून फडकं दाबलं. मग स्टुलावर बसून तिनं पाय वर घेतले आणि ती खोलीच्या चारी कोपऱ्यांकडे पाहत राहिली.

कुसुम काकड सावरपाड्याच्या माध्यमिक विद्यालयात अकरा वर्षं अर्धवेळ ग्रंथपाल होती. अर्धवेळ म्हणायला. परीक्षेच्या उत्तरपत्रिका शिवायच्या तिनं, दाखले लिहायचे तिनं, गैरहजर मास्तरच्या वर्गावर जाऊन पोरं गप्प बसवायची तिनं. पुस्तकं पाच लोखंडी कपाटांत आणि किल्ल्या तिच्या कमरेला. पुस्तक हरवलं की जाब ग्रंथपालाला, म्हणून ती कुणाला पुस्तक देत नसे, म्हणून एकही हरवत नसे. दसऱ्याला कपाटं उघडायची, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा कुलूप. सरस्वती कोंडून ठेवायची आणि वर तिचीच पूजा करायची, असा तो कारभार. उरलेल्या खोलीत शेजारच्या मराठी शाळेचा तांदूळ होता. त्या शाळेचं छत गळायचं, म्हणून पोरांना महिन्याला वाटायची साठ पोती इथं येऊन पडली होती. उंदरांचं मात्र छान चाललं होतं.

मग अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात नाशकाला शाळांच्या ग्रंथपालांचं बारा दिवसांचं प्रशिक्षण निघालं. सावरपाड्यातून पाठवायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून कुसुम गेली. पहाटे शेतातली फुलं तोडायची, भाकरी बांधायची आणि गिरणाऱ्याहून नाशकाची बस धरायची. तिथं शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं की तुमच्या खोलीत मूल शेवटचं कधी बसलं होतं, आणि कुसुमनं कमरेच्या किल्ल्यांवर पदर ओढला. कपाटं उघडा, बाई म्हणाल्या. पुस्तक मुलाच्या हाताला लागलं पाहिजे. खाली सतरंजी टाका. ज्याला जसं बसावंसं वाटेल तसं बसू द्या. कुसुमनं दोनशे पानी वहीत सगळं उतरवून घेतलं. अकरा वर्षांत कुणी तिला तिच्या कामाबद्दल काही शिकवलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती वही मांडीवर धरून बसली होती, बाजारातून देवाची तसबीर आणावी तशी.

जूनमध्ये ती मुख्याध्यापकांकडे गेली. शेवाळे सर मूळचे नामपूरकडचे, माणूस वाईट नव्हता, पण कागदाला भिणारा. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. काही कमीजास्त झालं, तर त्या दिवशी खोलीला कुलूप, ते पुन्हा निघणार नाही. पोती मात्र हलणार नाहीत. कुसुम हो म्हणाली. दोन कपाटांची दारं तिनं काढूनच टाकली. तळातला कप्पा पाचवी-सहावीच्या पोरांसाठी केला, चित्रांची पातळ पुस्तकं तिथं लावली. रोज संध्याकाळी फूटपट्टी धरून ती पुस्तकं एका रेषेत करायची, कडेपासून बरोबर एक बोट आत.

आणि पोरं आली. आधी पाच-सहा, मग मोठ्या सुट्टीत चाळीस-चाळीस. कुसुम रोज वहीत टिपण लिहायची. श्रावणाच्या शेवटाला तिनं लिहिलं की मुलांना शिस्त लागते आहे, दाराशी थांबून सगळी पाय आपटून माती झाडतात आणि मगच आत येतात. पाय पोटाशी घेऊन बसतात, इतकी रमतात. रोज दोघं जण मात्र पुस्तक न घेता नुसते पोत्यांकडे तोंड करून बसतात, त्यांना गोडी लागायला वेळ लागेल. ती वही शिक्षण खात्याच्या नाशकाच्या कचेरीत गेली, वाचली गेली आणि तिथल्या साहेबांचा निरोप आला. पुढच्या शुक्रवारी खोली बघायला येतो. पसंत पडली तर दिवाळीनंतरच्या प्रशिक्षणात कुसुम समोर बसणार नव्हती. ती शिकवायला उभी राहणार होती.

निरोप बुधवारी आला. कात गुरुवारी सापडली.

घरी तिनं पिशवी खुंटीला लावली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. परत आली तर सासू, साळूबाई, ओट्यावर कात पसरून बसली होती. डबा घासायला काढताना हाताला लागलेली. म्हातारीनं आजवर रानात इतकी जनावरं पाहिली होती की ती घाबरली नाही, हेच कुसुमला जास्त भ्यायला लावणारं वाटलं.

"नागाची हाय," साळूबाई म्हणाली. "कुटं घावली?"

कुसुमनं सांगितलं. म्हातारी कातीच्या तोंडाकडचा भाग बोटावर घेऊन डोळ्यांच्या जागा बघत राहिली. मग म्हणाली, कात टाकलेलं जनावर भुकेजलेलं असतं, आणि तुझ्या तांदळात उंदरं लय. ते कुठं जायचं नाय.

गोटीराम, कुसुमचा नवरा, झेंडूवर औषध मारून आला होता. पाठीवरचा पंप उतरवता उतरवता त्यानं सगळं ऐकलं. सरळ माणूस. उद्या सकाळी सरांना सांग, एवढंच म्हणाला. कुसुमनं त्याला खोलीची अट सांगितली, साहेबांचं सांगितलं, शुक्रवारपर्यंत आठच दिवस राहिले म्हणाली.

"खोली मोठी का पोरं मोठी?" गोटीरामनं विचारलं.

त्याचं बरोबर होतं, म्हणून कुसुम त्याच्यावर रागावली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती, आणि इथं तर ही म्हण अक्षरशः अंगावर आली होती. शेवटी त्यानं रविवारी येऊन बघायचं कबूल केलं.

शुक्रवारी मोठ्या सुट्टीत ती दारात उभी राहिली आणि पोरांच्या पायांकडे बघत राहिली. ऐंशी अनवाणी पाय. एखादा पाय सतरंजीच्या बाहेर गेला की ती तो आत घ्यायला लावायची. पोतं करकरलं, उंदीर पळाला, पंख्याची दोरी हलली, की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. घंटा झाली आणि पोरं बाहेर पडली, तेव्हा तिनं ती मोजली. शनिवारीही मोजली. घरी ताटातली भाकरी ती म्हशीला घालायची.

रविवारी गोटीराम काठी घेऊन आला. दोघांनी कोपऱ्यातली सहा पोती ओढून काढली. भिंतीलगतची शहाबादी फरशी खचली होती आणि तिच्याखाली मनगट जाईल एवढं बीळ होतं, बाहेरच्या गटाराकडे गेलेलं. गोटीरामनं काठी घालून पाहिली, कान लावला. मग दगड आणले, बाटलीच्या काचा कुटून घातल्या, वरून माती ठोकून बसवली आणि पोती पुन्हा जागेवर लावली.

"आता बाहीरचं आत यायचं नाय," तो म्हणाला.

कुसुमला तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. सोमवारी, मंगळवारी तिला जरा बरं वाटलं. इतकं बरं, की मंगळवारी पोत्यांकडे तोंड करून बसलेल्या सहावीतल्या सुवर्णाला तिनं सगळ्यांसमोर विचारलं, पोत्यांवर काही अक्षरं लिहिली आहेत का वाचायला? पोरं हसली नाहीत. सुवर्णा खाली मान घालून बसली, पण तिनं तोंड काही फिरवलं नाही.

बुधवारी पहाटे कुसुम म्हशीसाठी बांधावरचं गवत कापायला गेली. दव पडलेलं, गवत मांडीपर्यंत. विळा काखेत धरून तिनं रोजच्यासारखा पाय उचलला आणि जोरानं आपटला. दोनदा, तीनदा. रानात शिरायच्या आधी असंच करतात. जमीन हादरली की जनावर बाजूला होतं. तिच्या आईनं तिला चालायला लागल्यावर शिकवलेलं.

चौथ्यांदा उचललेला पाय तसाच हवेत राहिला.

माती झाडत नव्हती पोरं. शेतकऱ्यांची पोरं ती, सगळ्या गावात माती झाडून कधी कुठं शिरली होती? अन् आपण ते वहीत लिहिलं, शिस्त म्हणून. पाय पोटाशी घेऊन बसतात, तेही लिहिलं. कुसुम बांधावरच खाली बसली. विळा कुठं पडला तेही तिला कळलं नाही.

शाळा भरायच्या आधी तिनं सुवर्णाला पिंपळाखाली गाठलं. ओरडायचं नाही असं ठरवून आली होती. खोलीत काही आहे का, एवढंच विचारलं. पोरीनं इकडंतिकडं पाहिलं. मग दप्तरातून वही काढली आणि उघडली. दोन पानांच्या मध्ये, मोरपीस ठेवावं तसा, जुन्या कातीचा बोटभर तुकडा होता. असले तुकडे बऱ्याच जणांकडे होते म्हणे. पुस्तकात ठेवला की विद्या येते.

"आम्हाला ठावं हाय, बाई. पोळ्याच्या आधीपास्नं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आसतं तर तुम्ही कुलूप लावलं आसतं."

हळूहळू तिनं सगळं सांगितलं. राखणीच्या पाळ्या लावल्या होत्या. रोज दोघांनी वाचायचं नाही, पोत्यांवर नजर ठेवायची. दिसलं तर ओरडायचं नाही, दोन टाळ्या वाजवायच्या. टाळ्या झाल्या की लहानांनी बाकावर चढायचं आणि मोठ्यांनी दार उघडायचं. काल तिची पाळी होती. हे सांगताना पोरीला थोडा अभिमान वाटत होता. तिनं आपलं गुपित पोरांपासून लपवलं होतं, पोरांनी तेच तिच्यापासून, आणि दोन्हीकडून कारण एकच. त्या खोलीपायी चाळीस पोरं महिनाभर जीव मुठीत धरून वाचत होती.

ती तशीच शेवाळे सरांकडे गेली आणि म्हणाली, ग्रंथालयात नाग आहे. सरांचा चहा बशीत सांडला.

"हाई काय शे, बाई?" ते घाबरले की नामपूरचे होत, अहिराणीत बोलत. मग सावरून त्यांनी दार लावून घेतलं. विचारलं, कधी कळलं. कुसुमनं गुरुवार सांगितला. सरांनी ड्रॉवर उघडला. मग कोरा कागद तिच्याकडे सरकवून म्हणाले, लेखी द्या, पण आज सकाळी कात आढळली असं लिहा. गुरुवार लिहिलात तर परवा साहेब पहिला प्रश्न तुम्हाला विचारतील आणि दुसरा मला. तुमचं नुकसान, शाळेचं नुकसान. आज लिहिलंत तर कुणाचंच काही नाही.

कुसुमनं 'आज' लिहिलं. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. भित्या माणसाला कुणी पळवाट दाखवली की तो आधी पळतो आणि मग विचार करतो.

तासाभरात गावातली दहा-बारा माणसं जमली. गोटीराम रानातून तसाच आला, मागून काठी टेकत साळूबाई. पोरं मैदानात रांगा करून उभी. पोती एकेक करून बाहेर निघाली, ग्रामपंचायतीच्या खोलीत गेली. प्रत्येक पोतं उचललं की सगळे मागं सरत. साठावं पोतं निघालं. खाली उंदरांच्या लेंड्या, फुटके दाणे आणि कोपऱ्यात दगडमातीनं बुजवलेलं बीळ. नाग नव्हता.

माणसं घाम पुसत हसायला लागली. बीळ कुणीतरी कधीच बुजवलंय, एक जण म्हणाला, जनावर केव्हाच निघून गेलं असेल. कात काय, वर्षाची जुनीही असते. शेवाळे सरांचा चेहरा उजळला. साप साप म्हणून भुई धोपटली आपण, ते म्हणाले, आणि खोली एकदम मोठी दिसतेय की, साहेबांना आवडेल. त्यांनी पोरांना हाक मारली, चला, सतरंजी टाका. पहिली दहा-बारा पोरं दारापर्यंत आलीसुद्धा. त्यांनी पाय आपटले. सुवर्णा पुढं होती.

कुसुमनं गोटीरामकडे पाहिलं. तो तिच्याचकडे बघत होता. चेहरा पांढराफटक. त्यालाही तेच उमगलं होतं. बाहेरचं आत यायचं नाय, तो म्हणाला होता. आतलं बाहेर कसं जाईल, हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

आता काही न बोलता पोरांना नुसतं अडवता आलं असतं. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. पण मग ही माणसं घरी गेली असती आणि उद्या खोली उघडली असती. कुसुम दारात आडवी उभी राहिली. तिचा आवाज चिरका निघाला.

"आत जाऊ नका कुणी. बीळ आम्ही बुजवलंय. रविवारी. जनावर आतच आहे."

रविवारी म्हणजे, कुणीतरी विचारलं. मग तिनं सगळं सांगितलं, गुरुवारपासूनचं, सगळ्यांसमोर. सांगताना ती कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. सुवर्णाचा बाप व्हरांड्यात बसला होता. तो उठला, पोरीचा दंड धरून तिला मागं ओढलं आणि कुसुमकडे असं पाहिलं की थुंकला असता तर बरं. सहा दिवस माझी पोर त्याच्याशेजारी बसवली तुम्ही, तो म्हणाला. हो, कुसुम म्हणाली.

"पण हाय कुटं ते?" साळूबाईनं विचारलं. "खोली तर मोकळी हाय."

कुसुम उंबऱ्यातूनच आत पाहू लागली. भिंती, सतरंजीची गुंडाळी, टेबल, बाक. मग कपाटं. वरचे कप्पे सरळ, पट्टीनं आखल्यासारखे. काल संध्याकाळी तिनंच केलेले. तळातल्या कप्प्यातली चार-पाच पातळ पुस्तकं दोन बोटं पुढं आली होती. काल ती एक बोट आत होती. आज पोरांतलं कुणी आत गेलं नव्हतं, आणि कपाटाला कुणी हात लावला नव्हता.

तिनं नुसतं बोट केलं. गोटीराम काठीच्या टोकानं एक पुस्तक बाजूला करायला गेला आणि मागून फुसकारा आला, सायकलच्या चाकातली हवा सोडावी तसा, लांबलचक. दहा-बारा बाप्ये एकमेकांच्या पायांवर पाय देत व्हरांड्यात आले.

गंगापूरला एक माणूस होता, साप धरून धरणाकडच्या झाडीत सोडायचा. सरांनी फोन केला. तो लुनावर यायला दीड तास लागला. तो दीड तास कुसुम दारात उभी होती. घरी जा म्हणाले तरी गेली नाही. कप्प्यावरची नजर काढली आणि ते दुसरीकडे गेलं, तर मग या खोलीत कुणी कधीच निर्धास्त बसणार नाही, एवढं तिला कळत होतं. पिंढऱ्यांना पेटके येत होते. साळूबाई तिच्या मागं येऊन बसली आणि सुनेच्या पोटरीवर हात ठेवून तशीच राहिली. एकदा पुस्तकांच्या मागं काहीतरी सरकलं. एक चित्रांचं पुस्तक फरशीवर पडलं आणि उघडलं. वारा नव्हता, तरी त्याचं पान थोडा वेळ हलत होतं.

त्या माणसानं नाग काढला तेव्हा त्याची लांबी पाहून सरांनी डोळे मिटले. काच लागून पोटाकडे एक जखम होती. बाहेर जायला त्यानं रविवारपासून धडपड केली असणार.

सगळे गेल्यावर कुसुम कचेरीत गेली आणि तिनं आपला कागद परत मागितला. सरांनी दिला. 'आज' या शब्दावर तिनं रेघ मारली, वर 'मागील गुरुवारी' लिहिलं, आणि खाली एक ओळ वाढवली, की ही गोष्ट मी सहा दिवस लपवून ठेवली. मग त्याखाली सही केली.

शुक्रवारी साहेब आले. कागद त्यांनी दोनदा वाचला. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यानं कुसुम जास्त घाबरली. दिवाळीनंतर शिकवणाऱ्यांच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल, ते म्हणाले, आणि खुलासा मागवणारं पत्र येईल. खोलीचं काय, तिनं विचारलं. साहेब मोकळ्या खोलीतून चालत गेले, बुजवलेल्या कोपऱ्यात काल घातलेल्या ओल्या सिमेंटवर त्यांनी बूट टेकवून पाहिला. मग सरांना म्हणाले, तांदूळ परत इथं येता कामा नये, तसं लेखी द्या. खोली चालू ठेवा, मुलं आली तर.

मुलं आली तर. मोठ्या सुट्टीची घंटा झाली. कुसुम सतरंजी अंथरून थांबली. कुणी आलं नाही. बऱ्याच वेळानं सुवर्णा आली, तिच्यामागं सात-आठ जण. दाराशी थांबली. पाय उचलला आणि बाईंकडे पाहिलं. आपटू की नको.

कुसुम बाहेर गेली. तिनं आपल्या चपला काढल्या आणि पोरांच्या रांगेत उभी राहून पाय आपटले. दोनदा, तीनदा, बांधावर आपटते तसे. मग आत जाऊन तळातल्या कप्प्याकडे तोंड करून सतरंजीवर बसली. शाळेत ती गावचं बोलत नसे. अकरा वर्षांत कधी बोलली नव्हती.

"तुम्ही वाचा," ती म्हणाली. "राखणीला मी हाय."

पोरं बसली, पाय पोटाशी घेऊन. नाग धरणापलीकडे गेलाय, बिळात सिमेंट आहे, खोलीत उंदीरही उरला नाही, हे तिला माहीत होतं, आणि तरी पुस्तकांच्या त्या रेषेवरून तिला नजर काढता येईना. तिनं आपले पाय पुढं पसरले. ते थरथरताना पोरांना दिसत असणार, पण तिनं मागं घेतले नाहीत. पानं उलटल्याचे आवाज येऊ लागले. सुट्टी संपायला थोडा वेळ उरला असताना तिच्या शेजारी सुवर्णाचा एक पाय सरळ झाला, मग दुसरा.

घंटा झाल्यावर कुसुमनं पोरं मोजली. आठ होती.